सोनचोच

मार्चअखेर मूहू बेटावर
बर्फ अजून कुंपणाच्या सावलीत दडून असतो
आणि ऊर्वे खिडकीशी म्हणते, आले.
कोण, ते सांगत नाही.

तिच्या भावाने, हेल्डुरने, बर्चच्या खोडाला ठोकलेली पेटी.
तिच्या भोकाशी एक काळा पक्षी
गळ्याची पिसं दाढीसारखी फुलवून बसलाय.
चोच हळदीत बुडवून काढलेली,
बुडाशी निळसर, शाईचं बोट लागल्यासारखी :
म्हणजे नर. मादीची तिथे गुलाबी.
इथले लोक त्याला सोनचोच म्हणतात.
माझ्याकडे त्याच्यासाठी धड नाव नाही,
साळुंकीचा लांबचा भाऊ, एवढीच ओळख.

तो उड्या मारत नाही. चालतो.
मोजणीला आलेल्या तलाठ्यासारखा
ओल्या गवतातून, दोन्ही बाजूंना बघत.
बाकीच्यांचा जोर चोच मिटण्यात,
याचा उघडण्यात :
मिटलेली चोच मातीत खुपसायची, मग फाकवायची,
शिवण उसवावी तशी,
आणि डोळे पुढे वळवून
त्या फटीतून आत बघायचं,
कोण झोपलंय.

गेल्या शरदात हा सगळा चांदण्यांनी भरलेला होता.
आता अंगावर जांभळं, हिरवं, पेट्रोल सांडल्यासारखं.
मला वाटलं, नवी पिसं आली.
नाही, ऊर्वे म्हणाली, तीच आहेत.
पांढरी टोकं तेवढी घासून गेली,
वाऱ्याने, गवताने, भोकाच्या कडेने.
झिजणं म्हणजे मला माहीत होतं नाणं, चप्पल, उंबरठा.
हे नव्हतं माहीत.

तो पेटीत रानगाजराचा कोवळा पाला नेतो.
मादी येते, हुंगल्यासारखं करते,
अर्धा बाहेर फेकते.
तो पुन्हा आणतो.
हेल्डुरचं लग्न असंच होतं, ऊर्वे म्हणते,
आणि पुढे काही सांगत नाही.

एप्रिलात एका पहाटे, चारला,
टक्-हुश्श. टक्-हुश्श.
टक्-हुश्श.
मी माळ्यावरून खाली आलो तर
ती दारात, रबरी बूट उलटसुलट पायांत,
बोटं अर्धी मिटलेली.
दूध काढायचं यंत्र, ती म्हणाली.
सामुदायिक शेतीचा गोठा बंद पडून सव्वीस वर्षं झाली.
छप्पर कोसळलं, आत बर्चची झाडं उभी राहिली.
या पक्ष्याचं वय फार तर पाच.
त्याने गाय बघितली असेल, ते यंत्र नाही.
बापाकडून आलं असणार,
बापाला त्याच्या बापाकडून,
कुणी न मागितलेला वारसा.

एक्केचाळीस होत्या, ती म्हणाली,
आणि नावं घ्यायला लागली.
मुस्तिक. पुनिक. लेहिक. तुट्टी, जिला एकच शिंग.
अठरापर्यंत आली.
एकोणिसाव्या जागेवर तिची जीभ अडली,
ती जागा होती, दावं होतं, गाय दिसेना.
तो थांबला नाही.
फेरीबोटीचा भोंगा वाजवला,
मग एका पाणपक्ष्याची शीळ,
मग शेजारच्या टाविकडचं न लागणारं मोपेड,
हुबेहूब, शिवीपुरतं कमी.

ऑक्टोबरात ते बोरूच्या रानावर जमतात.
हजारो. मुख्य भूमीवरून माणसं तिपाया घेऊन येतात.
आभाळात धूर मुरगळतो, सुटतो,
ससाणा घुसला की आणखी घट्ट होतो,
पण आत प्रत्येकाचं लक्ष फक्त जवळच्या सहा-सात जणांवर,
तेवढ्यावर सगळं तगून राहतं.
मी बघून आलो, हात हलवून सांगायला लागलो.
ऊर्वे शिडीवर होती.
पेटी उघडून जुनं घरटं खरवडत होती :
वाळका पाला, पिसं, एक निळं कवच.

कुंपणावर एकटा मागे राहिलेला.
चोच काळपट. अंगभर नवे ठिपके.
ती खरवडायची थांबली.
किर्याक, ती म्हणाली.
मी शिडी धरून वर बघितलं.
एकोणिसावी. किर्याक, म्हणजे ठिपक्यांची.
लाथ मारायची.